विक्रांत आणि विराट भंगारात गेल्या, पण त्यांची विमानं गोव्यात आहेत!

नमस्कार मंडळी! आज आपण गोव्यात आहोत पण बीचवर नाही, दाबोळी विमानतळाजवळ बोगमाळोला नेव्हीचं विमानांचं म्युझियम आहे तिथे आलोय. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये हे सुरू झालं आणि माझं तर स्पष्ट मत आहे की मराठी माणसाने हे बघायलाच पाहिजे.

का ते सांगतो. विक्रांत आणि विराट म्हणजे आपल्या नेव्हीच्या विमानवाहू बोटी, ज्यांच्या डेकवरून विमानं उडायची. जुनी विक्रांत मुंबईत होती, तुमच्यापैकी कितीतरी जण शाळेच्या सहलीतून ती बघून आले असतील, ती २०१४ मध्ये तोडायला दिली. मग विराट. तिचं सिंधुदुर्गात निवतीजवळ म्युझियम करायचं म्हणून २०१८ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने मंजुरीसुद्धा दिली होती, पण २०२० मध्ये तीही तोडायला गुजरातमधल्या अलंगला गेली. दोन्ही बोटी गेल्या. मला त्याचं अजून वाईट वाटतं. पण त्यांच्या डेकवरून जी सी हॉक, अलिझे, सी हॅरियर उडायची ती इथे आहेत, खरीखुरी विमानं, अगदी जवळून बघता येतात.

हे सी हॉक बघा. एकच पायलट, नाकाखाली २० मिलिमीटरच्या चार गन. आता मागे या, जेटचा धूर बाहेर पडायला शेपटीत भोक दिसतंय का? नाही. ते दोन बाजूंना आहे, पंख जिथे बॉडीला जोडलाय तिथेच. आणि हे पंख वरती दुमडतात कारण बोटीवर जागाच कमी. उडताना वाफेवर चालणारं कॅटापल्ट विमानाला पुढे फेकायचं, उतरताना शेपटीखालचा हुक डेकवरच्या तारेत अडकला पाहिजे, नाही अडकला तर फुल पॉवर देऊन परत हवेत. १९६१ च्या मे महिन्यात विक्रांतवर पहिल्यांदा उतरलेले भारतीय पायलट म्हणजे लेफ्टनंट ताहिलियानी, जे पुढे नौदलप्रमुख झाले.

आणि १९७१! तेव्हा विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेला होता, आता बॉयलर म्हणजे बोटीचा स्पीड आणि कॅटापल्टची वाफ दोन्ही आलं, त्यामुळे ही बोट लढाईत पाठवायची की नाही यावरच वाद होता. शेवटी ती बंगालच्या उपसागरात गेली आणि ४ डिसेंबरला याच जातीच्या सी हॉकनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले केले. शेजारचं अलिझे फ्रेंच, पंख्याचं, मुळात पाणबुड्या शोधायला घेतलेलं, पण त्या युद्धात त्यानेही बॉम्ब टाकले.

सी हॅरियर तर बऱ्याच जणांना माहितीय, सरळ खाली उतरणारं. खाली वाकून बघा, इंजिनाची चार तोंडं दिसतील, ती फिरतात, मागे केली की विमान पुढे जातं आणि खाली केली की विमान हवेत तरंगतं. १९८३ मध्ये पहिली हॅरियर इथेच दाबोळीला उतरली आणि २०१६ मध्ये त्यांना निरोपही इथेच दिला.

छोटं सीलँड चुकवू नका बरं का. पाण्यावर पण उतरतं, जमिनीवर पण. १९५३ च्या फेब्रुवारीत कोचीला आलेलं सीलँड हे आपल्या नेव्हीचं पहिलं विमान, आणि या जातीची विमानं जगात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरलीत.

आता माझं सगळ्यात लाडकं, सुपर कॉन्स्टलेशन. चार इंजिनं, तीन शेपट्या! एकच उंच शेपूट ठेवली असती तर त्या काळच्या हँगरच्या दारातून आत गेलं नसतं, म्हणून तीन बुटक्या. हे मूळचं एअर इंडियाचं, नाव काय माहितीय? 'रानी ऑफ एलोरा', म्हणजे आपल्या वेरूळची राणी! आधी प्रवासी नेले, मग एअर फोर्सकडे गेलं आणि १९७६ मध्ये नेव्हीकडे आलं, तेव्हापासून तासन् तास समुद्रावर गस्त.

या दाबोळीशी कॉन्स्टलेशनच्या घराण्याचं अजून एक नातं आहे. हा विमानतळ पोर्तुगीजांनी बांधलेला. गोवा मुक्तीच्या वेळी, १८ डिसेंबर १९६१ ला आपल्या पुण्याहून उडालेल्या कॅनबेरा विमानांनी इथल्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, आणि त्याच रात्री पोर्तुगीजांनी पट्टीचा थोडा तुकडा कसाबसा दुरुस्त करून अधिकाऱ्यांच्या कुटुंबांना बाहेर काढलं, त्यातलं एक विमान कॉन्स्टलेशनच होतं. वजन कमी करायला जादा सीट काढून टाकल्या, जेमतेम सातशे मीटरमध्ये ते उडालं, उडालेल्या खडीने बॉडीला भोकं पडली तरी अंधारात अगदी खालून उडत कराचीला पोचलं. शत्रूचा पायलट असला तरी मानलं पाहिजे.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायचीय. ही बरीच विमानं उघड्यावर आहेत, आणि समुद्र एवढा जवळ, खारी हवा ॲल्युमिनियम हळूहळू खाते, त्यात कोकणपट्टीचा पाऊस. रंग देऊन किती दिवस भागणार? निदान रानी ऑफ एलोरा आणि सीलँड यांच्यावर तरी चांगलं छप्पर पाहिजे, कारण ही गेली तर दुसरी कुठून आणणार? तिकीट काढून लोक यायला लागले, शाळांच्या सहली यायला लागल्या तर ही मागणी करायलाही जोर येईल.

सोमवारी बंद असतं, बाकी दिवशी सकाळी लवकर या, उन्हात फिरायला लागतं. आणि कोकणातल्या, मुंबईतल्या मंडळींनो, तुमच्या घरातलं कोणी विक्रांतवर किंवा विराटवर ड्युटी करून आलं असेल तर त्यांना हा व्हिडिओ दाखवा आणि त्यांच्या आठवणी कमेंटमध्ये लिहा, मी सगळ्या वाचणार आहे.