शेवटच्या बटवड्यानंतर

सकाळचे साडेनऊ वाजले आहेत. सातारा जिल्ह्यातल्या एका उपडाकघरात टपालाच्या थैल्या उघडल्या जात आहेत आणि जुन्या लाकडी मेजावर पाकिटांचे ढीग बीटप्रमाणे लागत आहेत. मेजाच्या टोकाला बसून पत्त्यांवरून नजर फिरवणारे पोस्टमनकाका आज शेवटचा बटवडा करतील. त्यांच्या वयाची साठ वर्षे या महिन्यात पूर्ण झाली असून, नियमाप्रमाणे महिन्याच्या शेवटच्या दिवशी ते सेवानिवृत्त होत आहेत. दुपारी शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार होईल, चार शब्द बोलले जातील, डोळे पाणावतील. त्या गडबडीत एका गोष्टीची आठवण फारशी कोणी करून देणार नाही: उद्या, एक तारखेपासून, काकांच्या आणि काकूंच्या औषधोपचाराचा खर्च उचलणारी आजवरची व्यवस्था त्यांच्यासाठी बंद झालेली असेल.

टपाल खात्यातला जो कर्मचारी केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या शहरात राहत नाही, त्याचा नोकरीतला वैद्यकीय खर्च केंद्रीय सेवा (वैद्यकीय परिचर्या) नियम, 1944 यांनुसार परत मिळतो. प्राधिकृत डॉक्टरची चिठ्ठी, औषधांची बिले, कार्यालयातला अर्ज, आणि मग काही आठवड्यांनी किंवा काही महिन्यांनी हाती येणारे पैसे, हा क्रम खेड्यापाड्यांतल्या प्रत्येक पोस्टमनच्या अंगवळणी पडलेला असतो. मात्र हे नियम निवृत्तांना लागू नाहीत. गुडघे कुरकुरू लागतात, रक्तदाबाची गोळी रोजची होते, नेमक्या त्याच वयात हे छत्र निघून जाते, आणि त्याच्या जागी दुसरे छत्र आपणहून येत नाही. ते अर्ज करून मिळवावे लागते.

त्या दुसऱ्या छत्राचे नाव केंद्र सरकार आरोग्य योजना, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेली सीजीएचएस. ही योजना 1954 साली दिल्लीत सुरू झाली. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूर ही तिची जुनी शहरे आहेत. टपाल खात्याच्या निवृत्तांना मात्र तिचे दार बरीच वर्षे अर्धेच उघडे होते. नोकरीत असताना जो या योजनेत होता, त्यालाच निवृत्तीनंतर तिच्यात राहता येत असे. खात्याच्या स्वतःच्या दवाखान्यांवर किंवा 1944 च्या नियमांवर ज्याची नोकरी गेली, तो बाहेर राही. इतर खात्यांतल्या निवृत्तांना नसलेली ही अट टपालवाल्यांनाच का, असा प्रश्न त्यांच्या संघटना सातत्याने विचारत होत्या. सातव्या वेतन आयोगाने नोव्हेंबर 2015 मधल्या अहवालात त्याची दखल घेतली. टपाल खात्याचे 33 दवाखाने सीजीएचएसमध्ये विलीन करावेत आणि नोकरीत योजनेचे सदस्य असोत वा नसोत, वर्गणी भरणाऱ्या सर्व टपाल निवृत्तांना तिच्यात घ्यावे, अशी शिफारस आयोगाने केली आणि पुढे ती अमलात आली. आजच्या काकांना जे कार्ड मिळू शकते, त्याच्यामागे अशी वर्षानुवर्षांची मागणी उभी आहे.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. ‘आमचा टपालाचा विमा आहेच की’ असे अनेक कर्मचारी सांगतात, तेव्हा त्यांच्या मनात 1884 साली सुरू झालेला डाक जीवन विमा असतो. तो आयुर्विमा आहे. रुग्णालयाच्या बिलाशी त्याचा संबंध नाही. दुसरीकडे, सीजीएचएस हा रूढ अर्थाने विमासुद्धा नाही. खासगी आरोग्य विमा घेताना आधीपासून असलेल्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते आणि वय वाढेल तसा हप्ता चढत जातो. सीजीएचएसमध्ये मधुमेह असलेला माणूस कार्ड मिळाल्या दिवसापासून उपचार घेऊ शकतो आणि साठीतल्या व ऐंशीतल्या निवृत्तांच्या वर्गणीत वयामुळे फरक पडत नाही. साठी ओलांडलेल्या, घरात दोन-तीन जुनी दुखणी असलेल्या जोडप्याला बाजारात याच्या तोडीचे काही मिळणे कठीण आहे.

वर्गणी ठरते ती निवृत्तीच्या वेळच्या वेतनस्तरावरून. सातव्या वेतन आयोगानंतर ठरलेल्या दरांनुसार पहिल्या ते पाचव्या स्तरासाठी महिना 250 रुपये, सहाव्या स्तरासाठी 450, सातव्या ते अकराव्या स्तरासाठी 650 आणि त्यापुढे 1,000 रुपये आकारले जातात. निवृत्ताला ती दरवर्षी भरता येते किंवा दहा वर्षांची एकरकमी भरून तहहयात कार्ड घेता येते. आपले काका उमेदीची वर्षे ग्रामीण डाकसेवक म्हणून काढून 1998 साली पोस्टमन झाले. तिसऱ्या स्तराच्या पदावर लागून, दहा आणि वीस वर्षांनंतरच्या वेतनवाढी घेत ते पाचव्या स्तरावर निवृत्त होत आहेत. त्यांचा हिशेब सरळ आहे: वर्षाला 3,000 रुपये किंवा एकदाच 30,000 रुपये. ग्रॅच्युइटीची रक्कम हाती येते, तेव्हा मुलीचे लग्न, घराचे पत्रे आणि सोसायटीचे कर्ज तिच्याकडे डोळे लावून बसलेले असतात. त्या रांगेत या तीस हजारांना पहिला नंबर द्यावा, असे आम्हाला मनापासून वाटते.

खरा पेच पुढे आहे. काकांचे गाव पुण्यापासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी एसटीने पुण्याच्या आरोग्य केंद्रात जाणे कोणालाही परवडणारे नाही. म्हणूनच योजनेच्या क्षेत्राबाहेर राहणाऱ्या निवृत्तांना महिना 1,000 रुपयांचा निश्चित वैद्यकीय भत्ता पेन्शनसोबत मिळतो. बहुसंख्य निवृत्त इथेच थांबतात. भत्ता सुरू झाला, म्हणजे प्रश्न सुटला, असे त्यांना वाटते. पण हा भत्ता किरकोळ, बाह्यरुग्ण उपचारांसाठी आहे. रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आली, तर त्यातून एका दिवसाचे खाटेचे भाडेही निघत नाही. गावाकडच्या निवृत्ताला दोन्हींचा मेळ घालता येतो: रोजच्या औषधांसाठी भत्ता चालू ठेवायचा आणि वर्गणी भरून, दाखल होऊन घ्यायच्या उपचारांपुरते सीजीएचएसचे कार्डही घ्यायचे. ही सोय नियमात आहे, आणि तालुक्यातालुक्यांतल्या पेन्शनरांना ती ठाऊक नाही, याची खंत वाटते.

याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका निवृत्त पोस्टमनच्या घरी आम्ही गेलो. त्यांनी कपाटातून एक पिवळी फाइल काढून दाखवली. तिच्यात सीजीएचएसचा कोरा अर्ज होता, घडीवर मळलेला, चार वर्षांपूर्वी आणलेला. ‘पुढच्या महिन्यात जाऊ’ असे म्हणत तो राहून गेला. मग एका पहाटे छातीत कळ आली, शहरातल्या रुग्णालयात झडप बसवण्याची शस्त्रक्रिया झाली आणि बँकेतली ठेव मुदतीआधी मोडावी लागली. कार्ड नंतर निघाले, पण त्याआधीचा खर्च त्यातून परत मिळाला नाही. हे सांगताना ते बिलाकडे बघत नव्हते. त्या कोऱ्या अर्जावरून बोट फिरवत होते.

अर्जाची तयारी निवृत्तीच्या आधीच करावी. पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, हाती यायला उशीर झाला, तरी तात्पुरता पीपीओ किंवा शेवटच्या पगाराचे प्रमाणपत्र जोडून अर्ज करता येतो. त्यासोबत राहण्याचा पुरावा, छायाचित्रे, आधार, अवलंबितांच्या वयाचे दाखले आणि वर्गणी भरल्याची पावती लागते. पूर्वी वर्गणी भारतकोश या सरकारी भरणा संकेतस्थळावर वेगळी भरावी लागे. 28 एप्रिल 2025 पासून योजनेचे नवे संकेतस्थळ सुरू झाले असून अर्ज आणि भरणा दोन्ही तिथूनच होतात. काम अडते ते बहुधा नावांवर. सेवापुस्तिकेत काकूंचे माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि पीपीओवर आडनावाचे तिसरेच स्पेलिंग. ही दुरुस्ती नोकरीत असताना, कार्यालयातल्या ओळखीच्या बाबूंकडून, एका अर्जावर होते. निवृत्तीनंतर तिच्यासाठी जिल्ह्याच्या मुख्य डाकघरात खेपा घालाव्या लागतात.

कार्ड प्रत्येक सदस्याचे वेगळे असते. निवृत्ताला योजनेच्या यादीतल्या खासगी रुग्णालयात पैसे न भरता उपचार मिळतात. एरवी त्यासाठी आरोग्य केंद्राची चिठ्ठी लागते, पण तातडीच्या प्रसंगी लागत नाही. सत्तरी पूर्ण केलेल्यांना यादीतल्या रुग्णालयांतल्या तज्ज्ञांकडे थेट जाता येते. खोली मिळते ती शेवटच्या मूळ वेतनाप्रमाणे: 36,500 रुपयांपर्यंत सामान्य कक्ष, 50,500 पर्यंत निमखासगी आणि त्यापुढे खासगी. सत्तरीनंतरच्या सर्वांसाठी ऑक्टोबर 2024 मध्ये आयुष्मान योजनेचे वर्षाला पाच लाखांचे संरक्षण खुले झाले आहे. मात्र सीजीएचएसच्या सदस्याला दोहोंपैकी एकच निवडावे लागते.

या सगळ्यातून एक माणूस पूर्णपणे बाहेर राहतो. काका ज्या वाड्यांना टपाल पोचवू शकत नव्हते, तिथे ते पोचवणारा ग्रामीण डाकसेवक खात्याचेच शिक्के मारतो, पण तो नियमित सरकारी कर्मचारी धरला जात नाही. त्याला पेन्शन नाही आणि म्हणून सीजीएचएसही नाही. देशभरात असे अडीच लाखांच्या आसपास डाकसेवक आहेत. त्यांच्यासाठी राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, पण ती त्यांना नागरिक म्हणून मिळते. तीस-तीस वर्षे टपाल वाहिल्याबद्दल खात्याकडून त्यांना असे कार्ड मिळत नाही. काकांनाही ते पोस्टमनपदाची 1998 सालची परीक्षा उत्तीर्ण झाल्यामुळेच मिळते आहे; त्यांच्यासोबत परीक्षेला बसलेले एक डाकसेवक आजही शेजारच्या गावी शाखा डाकघर चालवतात.

दुपारचे तीन वाजले आहेत. बटवडा संपवून काका परतले आहेत, न पोचलेली दोन पाकिटे त्यांनी शेरा लिहून जमा केली आहेत. सत्काराच्या खुर्च्या मांडल्या जात असताना उपडाकपाल त्यांना बाजूला घेतात आणि मेजावर अर्ज ठेवतात. काका चष्मा पुसतात, खिशातले पेन काढतात आणि अवलंबितांच्या रकान्यात काकूंचे नाव आधारवर आहे तसेच, एकेक अक्षर जुळवत लिहू लागतात.