वस्ताद: हौद्याच्या कडेला बसलेला माणूस

(अंधार. कडीचा आवाज. ट्यूब दोनदा लुकलुकून लागते.)

कोल्हापूर. पहाटेचे चार वाजायला पाच मिनिटं कमी. गल्लीतली कुत्री पण अजून गपगार आहेत आणि तालमीत मारुतीपुढं उदबत्ती लागली. कानटोपी घालून जो माणूस दिसतोय ना, ते कुस्ती शिकवणारे वस्ताद. सत्तरी ओलांडलीय. कानांकडं बघा, पाळ्या मोडून गच्च झाल्यात, हे कान कुस्तीत मार खाऊन, घासून असे होतात. नाव सांगायचं नाही असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "समदी वस्तादच म्हणत्यात, तेच ठेवा की", म्हणून आपणही वस्तादच म्हणू.

पोरांना उठवायची पद्धत बघा. हाक नाही, शिट्टी नाही, काठीचं टोक फरशीवर दोनदा. बास. पाच मिनिटांत वळकट्या गुंडाळून पोरं लांग, म्हणजे लंगोट, लावून हजर.

(खोऱ्याचा आवाज. माती जवळून.)

आता जरा मातीकडं येऊ, कारण खरं सांगायचं तर आमचं निम्मं शूटिंग इथंच झालं. ही तांबडी माती अशीच आणून टाकलेली नसते. आधी चाळायची, खडा, काच, खिळा काही राहता कामा नये, मग त्यात हळद, ताक, लिंबाचा रस, तेल, कापूर, प्रत्येक तालमीचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येक तालमीला वाटतं आपलंच बरोबर. हळद खरचटल्यावर कामाला येते, ताक-तेलानं माती मऊ राहते आणि फुफाटा उडत नाही. आणि हे सगळं एकदा करून भागत नाही, हौदा, म्हणजे ही कुस्तीची मातीची जागा, रोज खोऱ्यानं उकरायचा, नाहीतर माती दगडासारखी बसते आणि त्यावर पाठ आपटली की कळतं. नवीन पोरगं आलं की त्याच्या हातात पहिल्यांदा हे खोरं येतं. डाव नंतर. पोरांना वाटतं आपल्याकडनं हमाली करून घेतायत, पण खांदा, कंबर, पकड सगळं इथंच तयार होतं आणि वस्ताद कट्ट्यावर बसून बघत असतात, कोण कोपऱ्यापर्यंत उकरतंय आणि कोण मधेच वरवर खरवडून मोकळं होतंय.

आता हा शॉट. वस्ताद वाकले, मातीतनं काहीतरी उचललं आणि खिशात टाकलं. तुरीच्या डाळीएवढा खडा. ट्यूबच्या उजेडात, एवढ्या लांबनं, सत्तरी पार केलेल्या डोळ्यांना तो दिसला. रात्री सदरा काढताना खिशात असे तीन-चार निघतात म्हणे.

(जोर, बैठका. श्वास.)

जोर, बैठका, सपाट्या, दोर. आकडा वस्ताद मोजत नाहीत, पोरं आपापला मोजतात. "खोटं मोजलं तर मला काय, त्याच्याच मांडीला कळंल," एवढंच बोलले.

मग जोड लागते. डावीकडचं पोरगं चौदा वर्षांचं, वारणाकाठच्या गावातलं, वडील दुसऱ्याच्या रानात कामाला. दोन वर्षं झाली इथं येऊन. ताकद आहे, दम आहे, पण पटात शिरायला, म्हणजे समोरच्याचे पाय धरायला, गेलं की समोरचा आधीच पाय मागं घेतोय. सारखं हेच. आम्ही तीन दिवस कॅमेरा लावून हे शूट केलं आणि आम्हाला काही म्हणजे काही कळलं नाही. वस्ताद म्हणाले, "त्यो आधी सांगतोय की." कुठं सांगतोय? मग फुटेज स्लो करून बघितलं. आता तुम्ही पण बघा. इथं. झडप घालायच्या आधी पापणी खाली जाते, नजर समोरच्याच्या पायावर, एवढीशी, आणि समोरच्याला खबर पोचली.

तीन दिवसांचं रेकॉर्डिंग आमच्याकडं, आणि त्यांनी मिश्रीचा डबा उघडता उघडता हे बघून ठेवलेलं.

यावर उपाय काय केला तर लेक्चर नाही. पोराला पुढ्यात उभं केलं आणि म्हणाले, माझ्याकडं बघ, खाली बघायचं न्हाई, आणि स्वतः काठीनं त्याच्या घोट्याला टिचक्या मारत राहिले. पंधरा मिनिटं. रोज. आजकाल मेंटॉरशिपचे ऑनलाइन कोर्स निघालेत, शेवटी सर्टिफिकेट पण मिळतं, असू देत, पण हे असलं त्यात कुठं बसवणार?

(भिंतीवरचे फोटो.)

तालमीच्या भिंतीवर शाहू महाराज असणारच. महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, 1912 मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. हा वरनं घेतलेला ड्रोनचा शॉट त्याचाच, हौदा मधोमध, कडेनं चढती बैठक, कुठंही बसा, कुस्ती दिसते. शेजारचा फोटो गणपतराव आंदळकरांचा. 1960 चे हिंदकेसरी, 1962 ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि पुढं मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून कित्येक वर्षं पोरं घडवत बसलेले.

आणि हे खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, म्हणजे पहिला वस्ताद घरातच. राजाराम कॉलेजात शिकताना बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजींनी तयार केलं. 1948 ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा आयुष्य मातीत गेलेलं आणि तिथं समोर मॅट, नियम वेगळे, तरी सहावे आले. तिथं अमेरिकेच्या रीस गार्डनर यांनी त्यांना शिकवलं. मग 1952, हेलसिंकी. जायला पैसे नाहीत. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं आणि सात हजार रुपये उभे केले. प्राचार्य म्हणून हे त्यांच्या कामात कुठं लिहिलेलं होतं? कुठंच नाही. आपला पोरगा जातोय, एवढंच. खाशाबांनी कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कराडला 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि नंतर त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या करून ते घर सोडवलं.

(दगडी कुंडी. थंडाई घोटणारे हात.)

बदाम, खसखस, बडीशेप, मिरी. घोटायची पाळी लावलेली असते. दूध, तूप, बदाम, खुराकाचा खर्च घरचे पाठवतात, कमी पडला तर कसा भागतो ते वस्तादांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं नाही. यातली किती पोरं महाराष्ट्र केसरीपर्यंत जातात? बोटावर मोजण्याएवढी. काही पोलिसात जातात, काही फौजेत, काही दुखावलेला गुडघा घेऊन गावाकडं.

एक जुना प्रश्न विचारायचाच होता. वस्ताद सगळे डाव शिकवतो पण एक राखून ठेवतो म्हणतात, तुमचा कुठला? हसले. "राखायला शिल्लक तर राह्यला पायजे. ही पोरं मोबाईलवर इराणच्या पैलवानांचं डाव बघून मलाच दाखवत्यात." आणि खरंच, संध्याकाळी कट्ट्यावर फोन टेकवून वस्ताद आणि चार पोरं एकच क्लिप परत परत मागं घेऊन बघताना आम्हाला सापडले. चष्मा नाकावर घसरलेला.

(हलगी. जत्रेचं मैदान.)

रविवार. जत्रेतलं कुस्ती मैदान. आधी बारक्यांच्या, नारळावरच्या कुस्त्या, मग हळूहळू इनामाचा आकडा चढत जातो. आपलं वारणाकाठचं पोरगं पाचशे रुपयांच्या जोडीत उतरलंय. सलामी झाली. आता त्याच्या डोळ्यांकडं बघा, खाली जात नाहीयेत. समोरच्याला कळलंच नाही, पट निघाला, मैदानातनं शिट्ट्या.

आणि पुढच्याच मिनिटाला त्यानं स्वतः मान खाली घातली, समोरच्यानं ढाक हा डाव लावला, चितपट.

वस्ताद कुठायत? हे बघा, हलगीवाल्याच्या मागं, उकिडवे बसलेत. पोरगं येऊन पुढ्यात उभं राहिलं. वस्तादांनी गमछाचं टोक पिळलं आणि त्याच्या कानातली माती काढायला घेतली.

(निवेदन थांबतं. फक्त हलगी, मग तीही लांब जाते.)

सोमवार. चारला पाच कमी. खोरं कुणाच्या हातात आहे ते दिसतंयच.