घर आधी फक्कीत बघा

घर बांधायला निघालेल्या तुमच्यापैकी दहा-बारा जणांच्या हातात नकाशाची गुंडाळी आहे, मला इथून दिसतेय. राहू द्या तशीच. गुंडाळी उघडली की माणूस आधी खोल्या मोजतो, आणि खोल्या मोजून घर कळत नाही. ते कळतं प्लॉटवर चुन्याच्या रेघांनी, म्हणजे फक्कीनं, खऱ्या मापात आखलं की. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले आणि स्वतःच्याच घरात फसलो, म्हणून सांगायचा थोडा हक्क आहे.

सोलापुरात विजापूर रोडला प्लॉट होता, मागं मोकळं रान. मावळतीचं आभाळ दिसेल म्हणून झोपायच्या खोलीला पश्चिमेकडं सहा फुटी खिडकी ठेवली. पहिल्याच एप्रिलमध्ये दुपारी चारपासून ऊन थेट पलंगावर. ग्रिलला हात लावला की चटका. वर छज्जा होता, पण त्याचा काय उपयोग? शेवटी खिडकीला गोणपाट बांधलं आणि बादलीनं पाणी मारत बसलो. बायको म्हणाली, "गावाला नकाशे काढून देतात म्हणे हे."

छज्जा का हरला ते बघा. सोलापूर साधारण १७.७ अक्षांशावर. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे दक्षिणेची भिंत उन्हाळ्यात फारशी तापत नाही, आणि डिसेंबरात सूर्य दुपारी ४९ अंशांपर्यंतच चढतो तेव्हा तिथनं हवंहवंसं ऊन आत येतं. दक्षिणेला दोन फुटी छज्जा पुरतो. पश्चिमेचं ऊन मात्र आडवं येतं, छज्ज्याच्या खालून. त्याला भिंतच लागते. म्हणून जिना, संडास-बाथरूम, कपाटं, ज्वारीची पोती हे सगळं पश्चिमेला लोटा. त्यांना घाम येत नाही.

आता कुणीतरी वास्तूचं विचारणारच. माझं भांडण नाही. आग्नेयेचं स्वयंपाकघर मला पटतं : सकाळी ऊन, दुपारी सावली, वारा पश्चिमेकडनं आला तर फोडणीचा खकाणा बाहेर. पण नैऋत्येला कर्त्या माणसाची खोली? सोलापूरच्या मे महिन्यात ती भट्टी असते ओ. तिथं झोपायचंच असेल तर आधी बाहेरच्या बाजूला कडुनिंब लावा आणि दहा वर्षं थांबा.

अडचण अशी की वाराही बहुतेक त्याच बाजूनं येतो. पश्चिम पार बुजवली तर घर कोंदटतं. तिकडं उंचावर अरुंद खिडकी ठेवा आणि तिच्या समोर, पूर्वेच्या भिंतीत, दार किंवा मोठी खिडकी. वाऱ्याला आत यायला वाट लागते तशी बाहेर जायलाही लागते.

जुन्या वाड्यांत माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर होतं, मातीच्या जाड भिंती होत्या. दुपारची धग आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. आपला पाच इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहाला ती धग खाली सोडतो, म्हणून तर आपण गच्चीवर झोपतो. मग जिना गच्चीपर्यंत नीट न्या, शेवटच्या टप्प्याला लोखंडी शिडी नको. गादी घेऊन चढायचंय. दहा फूट उंचीच्या मजल्याला साडेसहा इंचांच्या एकोणीसएक पायऱ्या येतात. मधे एक वळण घेऊन, तिथल्या सपाट जागेसकट, या जिन्याला सत्तर ते नव्वद चौरस फूट जागा लागते. नकाशात तो कोपऱ्यातली जाळी दिसतो, प्रत्यक्षात एक खोली खातो. भिंतींचंही तसंच. २५ बाय ३०च्या घरात नऊ इंची बाहेरच्या भिंतीच ऐंशी चौरस फूट गिळतात.

पाण्याचं तर सांगायलाच नको. उजनी धरणाचं पाणी शंभरेक किलोमीटर पाइपातनं येतं आणि आपल्याकडं वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड सुटत आलंय. शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर धरतात. घरात पाच माणसं आणि पाच दिवस, म्हणजे ३,३७५ लिटर. पाच बाय सहाचा, चार फूट खोल हौद नेमका तेवढा भरतो. पाहुणे आले, गड्ड्याच्या यात्रेला गावाकडची मंडळी उतरली, तर कमीच. त्यामुळं हौद नकाशात पहिल्या दिवशी हवा, फाटकाजवळ, शोषखड्ड्यापासून लांब. मी बघितलंय, घर बांधून झाल्यावर हौद आठवतो आणि मग तो स्कूटर लावायच्या जागेत बसतो. झाकणावर स्कूटर, आणि पाणी सुटतं पहाटे साडेतीनला.

तर हे सगळं कागदावर कळत नाही. दहा बाय दहाची खोली कागदावर छान दिसते. सहा फुटी पलंग ठेवला, उरले चार. दोन फुटाचं कपाट, उरले दोन. कपाटाचं दार उघडायला दीड फूट. आता कपाट उघडं असताना दुसऱ्यानं जायचं कुठून?

म्हणून प्लॉटवर चुन्याची फक्की मारा. पायाची आखणी करताना मिस्त्री मारतोच, तुम्ही महिनाभर आधी मारा. भिंती दुहेरी रेघेनं, दारं मोकळी सोडून. सामासिक अंतर, म्हणजे प्लॉटच्या हद्दीपासून मोकळी ठेवायची जागा, सोडूनच आखा, नाहीतर फसाल. घरातला पलंग न्यायची गरज नाही, त्याच्या मापाची जुनी चादर अंथरा, सोलापुरात चादरीला तोटा नाही. मग दुपारी चार वाजता तिथं खुर्च्या टाकून बसा. घरातल्या बायकांना विचारा, भाकरीचा तवा कुठं, पिठाचा डबा कुठं, आणि मधे किती पावलं. हा प्रश्न कुणा नकाशा काढणाऱ्यानं विचारलेला मी कधी ऐकला नाही, मीही विचारत नव्हतो.

होटगी रोडच्या एका कुटुंबाकडं हे करून बघितलं. सगळे हॉल केवढा दिसतो ते बघत होते. आजी मात्र काठी टेकत आपल्या खोलीत गेल्या, चादरीवर बसल्या, उठल्या आणि संडासाकडं निघाल्या. आधी हॉल, मग जेवायची जागा, मग वळण. तेवीस पावलं. "रात्री दिवा कुणी लावायचा मला?" म्हणाल्या. मुलगा गप्प. मिस्त्रीनं पायानं एक रेघ पुसली, आजींच्या खोलीच्या भिंतीतनं दार काढलं, हॉल अडीच फुटांनी आत घेतला. आजी परत चादरीवर बसल्या, परत उठल्या. नऊ पावलं.

हं, आता काढा ते नकाशे. आणि पश्चिम कुठं आहे ते आधी सांगा.