संकट अव्हर्ट होतं, काका होत नाहीत

श्रोतेहो, नमस्कार. आज एका इंग्रजी क्रियापदाविषयी बोलू या. अव्हर्ट.

आपला ‘टाळणे’ हा शब्द फार सोयीचा. आपण गोड टाळतो, नको तो पाहुणा टाळतो, आणि घाटात अपघात होता होता टळतो. इंग्रजीत ही कामं दोघांत वाटलेली आहेत. आपण स्वतः बाजूला झालो तर अव्हॉइड. आपल्यावर चालून येणारी गोष्ट परतवून लावली तर अव्हर्ट. ‘आय अव्हर्टेड माय अंकल’ असं कुणी लिहिलं, तर काका म्हणजे तापीचा पूर वाटायला लागतात.

रावेर-यावलकडे हिवाळ्यात पारा घसरला की केळीच्या बागांत रात्री शेकोट्या पेटवून धूर करतात. थंडी पडायची ती पडतेच, ती काही अव्हर्ट होत नाही. अव्हर्ट होतं ते नुकसान. या क्रियापदाला कर्म लागतं ते असंच : वाईट, अगदी दाराशी आलेलं, पण अजून न घडलेलं. संप, युद्ध, दुर्घटना. पाणी घरात शिरल्यावर या शब्दाला काम उरत नाही.

दुसरा वापर डोळ्यांचा. ‘शी अव्हर्टेड हर आइज.’ तिने नजर दुसरीकडे वळवली. इथे संकट नाही. लाज असेल, संकोच असेल, किंवा समोरचं बघवत नसेल. कशावरून वळवली ते सांगायचं, तर पुढे ‘फ्रॉम’ येतं. बोलताना मात्र लोक साधं ‘लुक अवे’ म्हणतात. अव्हर्ट जास्त करून लिखाणातला.

लॅटिनमधलं ‘व्हर्टेरे’, म्हणजे वळवणे, आणि संस्कृतातला ‘वृत्’ धातू हे एकाच कुळातले. परावृत्त, निवृत्त त्यातलेच. गिरणा धरणातून आवर्तन सुटलं म्हणतो, तेही त्यातलंच. इंग्रजीत डायव्हर्ट याच घरचा. पांझरेवरच्या बंधाऱ्यांतून पाटात पाणी वळवून फड भिजवत आले, ते डायव्हर्ट. पाणी हवंच असतं, फक्त आपल्या शेतात. अव्हर्टमध्ये जे वळवायचं ते मुळातच नको असतं.

मुलं परीक्षेत अव्हर्स आणि ॲडव्हर्स यांची हमखास अदलाबदल करतात, तेवढं सांगतो. जोखमीचं पीक नकोच म्हणणारा शेतकरी अव्हर्स. आणि ऐन कापूस वेचणीत कोसळणारा पाऊस ॲडव्हर्स.