दोन वचनांमधली तेरा वर्षे

पडद्यावर दिसणारे हे पान बायबलच्या पहिल्या, उत्पत्तीच्या पुस्तकातले आहे. बोट जिथे थांबले आहे, तिथे सोळावा अध्याय संपतो : हागारेला इश्माएल झाला तेव्हा अब्राम ८६ वर्षांचा होता. बोट किंचित खाली सरकते, सतरावा अध्याय सुरू होतो आणि अब्राम ९९ वर्षांचा झालेला असतो. मध्ये आहे तो अध्यायाचा आकडा आणि बोटभर कोरा कागद. अध्यायांची ही विभागणी पुष्कळ नंतरची, हे खरे. पण वयाचे आकडे मूळ ग्रंथातलेच आहेत, आणि मधल्या तेरा वर्षांत देव अब्रामाशी काही बोलला का, याविषयी तिथे एक शब्दही नाही.

त्याआधीची दहा वर्षेही याच पानांवर आहेत. हारान सोडताना अब्राम ७५ वर्षांचा होता आणि ‘तुझ्यापासून मोठे राष्ट्र निर्माण करीन’ हे वचन त्याच्या पदरात होते. कनानात दहा वर्षे काढूनही कूस रिकामीच राहिली, तेव्हा त्याची पत्नी साराय हिने आपली दासी हागार त्याला दिली. वचनावरचा विश्वास त्या दोघांनी सोडला होता असे वाटत नाही. देवाला हातभार लावावा, एवढाच त्यांचा विचार असावा, आणि अधीरपणा बहुधा याच शहाण्या रूपात आपल्याही घरात शिरतो. अब्रामाचा पुढे अब्राहाम झाला, आणि त्याच्या १०० व्या वर्षी वचनाचा मुलगा इसहाक जन्मला.

कोठडीच्या गजांमधून उतरणारा हा प्रकाश पाहताना, याच पुस्तकात मिसरातल्या तुरुंगात पडलेला योसेफ आठवतो. कथेच्या प्रारंभी तो १७ वर्षांचा आहे, मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा राहतो तेव्हा ३० वर्षांचा. ज्याच्या स्वप्नाचा अर्थ त्याने सांगितला, तो प्यालेबरदारांचा नायक सुटला आणि योसेफाला विसरला. चाळिसावा अध्याय या विसरण्यावर संपतो आणि पुढचा ‘दोन वर्षांनंतर’ असे म्हणून सुरू होतो. पुन्हा तीच कोरी जागा.

आता भिंतीवरची ही चौकट पाहा. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन, देवाचे संकल्प हिताचे आहेत असे सांगणारे, कितीतरी घरांत असे टांगलेले असते. दहावे वचन मात्र कोणी चौकटीत बसवत नाही, कारण त्यात ७० वर्षांची मुदत आहे. बाबेलात (बॅबिलोनमध्ये) नेलेल्या यहूदी बंदिवानांना यिर्मयाने हे पत्र पाठवले, तेव्हा ते ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीची वाट दिसणार नव्हती, आणि तरीही त्याच पत्रात, थोडे वर, घरे बांधा, मळे लावा, त्यांची फळे खा, अशी आज्ञा आहे. मातीने माखलेले हे हात रोपाच्या मुळाशी जे करीत आहेत, ते वाट पाहण्याचेच काम आहे.

इब्री (हिब्रू) भाषेत ‘तिक्वा’ या शब्दाचा अर्थ आशा असा होतो आणि दोरी असाही. यहोशवाच्या पुस्तकात यरीहोच्या राहाबेने खिडकीला बांधलेल्या किरमिजी दोरीसाठी हाच शब्द आला आहे. दोरी ताणली गेली की कळते, तिचे दुसरे टोक कुठे बांधलेले आहे.

हा ताण निमूटपणे सोसला पाहिजे, असे शास्त्र कुठेही म्हणत नाही. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत दावीद देवाला चार वेळा ‘कोठवर?’ असे विचारतो, आणि प्रार्थना म्हणूनच ते स्तोत्र आजवर गायिले जाते. धीर धरणाऱ्या माणसाला गप्प बसवणाऱ्यांनी ते एकदा मोठ्याने वाचावे.

शेवटच्या बाकावर बसलेल्या या बाईंच्या हातातले पुस्तक स्तोत्रांच्या पानांपाशी आपोआप उघडते. त्या पानांच्या कडा अंगठ्याच्या घामाने तपकिरी झाल्या आहेत. त्या कशासाठी प्रार्थना करतात, हे आम्ही विचारले नाही. उपासना संपली आहे, दिवे एकेक करून मालवले जात आहेत, आणि त्या अजून उठलेल्या नाहीत.