रिकाम्या कप्प्याचा हिशोब

(ठाण्यात, नौपाड्यातल्या एका सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

चार कप्प्यांचं नॅस, म्हणजे घरातल्या नेटवर्कला जोडलेलं डेटा साठवायचं यंत्र, घ्यायचं, आत दोनच हार्ड डिस्क बसवायच्या आणि ‘पुढचं पुढे बघू’ म्हणायचं, ही आपल्याकडची रीत. तिच्यात वावगं काही नाही. मग बारशाचे व्हिडिओ, गणपतीचे फोटो, सोसायटीच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठत जातं आणि एक दिवस जागा संपत आल्याचा मेसेज येतो. तिसरी डिस्क कप्प्यात सरकवायला दोन मिनिटं पुरतात. पण त्यानंतर ते यंत्र जे करतं, ते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात जोखमीचं काम असतं.

आधी आकडे बघू. तुमच्याकडे 4 टीबीच्या दोन डिस्क आहेत, एकीवर दुसरीची हुबेहूब प्रत. म्हणजे वापरायला 4 टीबी. तिसरी 4 टीबीची घातली आणि रेड 5 केलं, की वापरायला 8 मिळतात. (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून वापरण्याची पद्धत, 5 हा तिचा एक प्रकार.) एका डिस्कएवढी जागा पॅरिटीसाठी, म्हणजे एखादी डिस्क गेली तर तिच्यावरचं परत काढता यावं यासाठी, राखून ठेवलेली असते. आता दुकानदार म्हणतो, थोडे पैसे टाका आणि 8 टीबीची घ्या. घेतलीत, तरी मिळणार 8 टीबीच! रेड 5 सगळ्यात लहान डिस्कच्या मापाने चालतं, वरचे 4 टीबी नुसते पडून राहतात. सिनॉलॉजी या नॅस बनवणाऱ्या कंपनीची एसएचआर नावाची स्वतःची रेड पद्धत वेगवेगळ्या मापाच्या डिस्क सांभाळून घेते, पण तिथेही साधारण सूत्र असं, की सगळ्यांची बेरीज करा आणि त्यातून सर्वांत मोठी वजा करा. 4, 4 आणि 8 मिळून 16, त्यातून 8 गेले, उरले 8. मोठ्या डिस्कचा फायदा चौथ्या कप्प्यात दुसरी 8 टीबीची येते तेव्हाच दिसतो: एसएचआरमध्ये 16, रेड 5 मध्ये 12. म्हणून एकच डिस्क घेणार असाल, तर पुढची कधी आणि केवढी घेणार ते आजच ठरवा. कपाटातली 2 टीबीची जुनी डिस्क यात खपणार नाही. आहे त्यांच्यापेक्षा लहान डिस्क सहसा घेतलीच जात नाही.

आणि हो, 8 टीबीच्या ठिकाणी स्क्रीनवर 7.27 दिसलं तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराने मोजते, संगणक 1024 ने.

आता जोखीम. डिस्क वाढवली, की नॅस सगळा डेटा वाचतं, पॅरिटी नव्याने काढतं आणि तिन्ही डिस्कवर पुन्हा मांडून लिहितं. सेकंदाला 150 एमबीचा वेग सलग मिळाला, तरी 4 टीबीची डिस्क एकदा वाचायलाच सात तासांच्या वर लागतात. इथे तर वाचणं, लिहिणं आणि मधली धावपळ एकत्र, त्यामुळे एक-दोन दिवस सहज जातात. तोवर जुन्या डिस्कना उसंत नाही. दोन्ही एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या असतील, तर थकण्याची वेळही जवळपास एकच. म्हणून आधी दोन्हींची स्मार्ट तपासणी, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची करायची चाचणी, करा आणि सगळ्या डेटाची वेगळी प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. डिस्क बिघडली तर रेड डेटा वाचवतं; चुकून डिलीट झालेल्या फोटोला किंवा फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरला ते काही करू शकत नाही.

देखभालीसाठी वीज बंद राहणार असल्याचा मेसेज महावितरणकडून आलेला असेल, तर तो दिवस टाळा. यूपीएस हवाच, आणि त्याची यूएसबी केबल नॅसला जोडलेली हवी. नाहीतर बॅटरी संपत आल्याचं यंत्राला कळणार कसं?

नवी डिस्क निवडताना सीएमआर की एसएमआर, एवढं विचाराच. या डिस्कवर लिहिण्याच्या दोन पद्धती. सीएमआरमध्ये लिहिण्याचे पट्टे सुटे सुटे असतात. एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. मोठं, सलग लिहिणं आलं की अशी डिस्क इतकी रेंगाळते, की नॅस तिला बिघडलेली समजून बाहेर काढू शकतं. 2020 मध्ये उघड झालं, की नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कसुद्धा एसएमआर होत्या आणि खोक्यावर तसं लिहिलेलं नव्हतं. लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर ऑनलाइन मागवा, पूर्ण मॉडेल नंबर कंपनीच्या यादीत ताडून मगच पैसे द्या.

झेडएफएस ही फाइल साठवण्याची प्रणाली वापरणाऱ्यांसाठी एकच वाक्य: रेडझेडमध्ये, म्हणजे तिच्यातल्या रेड 5 सारख्या पद्धतीत, एकेक डिस्क वाढवण्याची सोय ओपनझेडएफएस 2.3 पासून, म्हणजे जानेवारी 2025 पासून आली आहे, पण जुना डेटा पुन्हा लिहीपर्यंत डेटा आणि पॅरिटीच्या जुन्याच प्रमाणात राहतो.

मागून काकांनी विचारलं, चारही कप्पे भरले तर? दोन वाटा आहेत. एकेक डिस्क काढून तिच्या जागी मोठी बसवायची आणि प्रत्येक वेळी पुनर्बांधणी पूर्ण होऊ द्यायची. किंवा केबलने जोडायचा, जादा कप्प्यांचा पेटारा घ्यायचा. पेटारा घेतलात, तर त्यातल्या डिस्कचा वेगळा पूल, म्हणजे एकत्र साठा, करा. एकच पूल दोन्हीकडे पसरवला आणि झाडलोट करताना ती केबल निसटली, तर सगळंच एकदम बंद पडेल. तुमचं यंत्र जुनं, 32 बिट प्रोसेसरचं असेल, तर त्यावर एक व्हॉल्यूम, म्हणजे साठवणीचा एक सलग भाग, 16 टीबीच्या वर जात नाही, तेव्हा पेटाऱ्याची किंमत विचारण्याआधी प्रोसेसर बघा.