मी प्रार्थना केली नाही त्या दिवशी

मंडळी, आधीच सांगून टाकतो, देव आहे की नाही हा आजचा विषय नाहीये. विषय एवढाच की घरातून जी श्रद्धा आपल्याला मिळाली ती आपण कधी हातात घेऊन उलटसुलट करून बघितली का, की दिली तशी घडी न मोडता कपाटात ठेवून दिली.

नववीत असताना मी एक उद्योग केला होता. रोज प्रार्थना करून शाळेत जायचो, परीक्षेच्या दिवशी जरा जास्तच. एका पेपरला ठरवलं, आज नाही करायची, बघू काय होतंय. आता ऐकायला फार शूर वाटतं, पण पेपर हातात आला तेव्हा पोटात असा गोळा आला की पहिली दहा मिनिटं मी नुसतं पेनाचं टोपण काढतोय, लावतोय, काढतोय, लावतोय. रिझल्ट लागला, मार्क नेहमीएवढेच. म्हणलं झालं, सिद्ध! आणि पराक्रम सांगायला आईकडे गेलो. तिनं मान पण वर केली नाही. म्हणाली, "मी केली होती ना तुझ्यासाठी."

घ्या! आता यावर काय बोलणार? मार्क कमी पडले असते तर "बघ, केली नाहीस ना" हे तयारच होतं. म्हणजे काहीही झालं तरी आपला मुद्दा हरतच नाही, असा हा खेळ, आणि तो फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात डायगोरस नावाचा एक ग्रीक होता, त्याची गोष्ट सिसेरो या रोमन लेखकानं लिहून ठेवलीय. वादळातून वाचलेल्या लोकांनी देवाला वाहिलेली चित्रं मित्रानं त्याला दाखवली आणि म्हणाला, बघ, देवाचं लक्ष आहे की नाही माणसांकडे? डायगोरसचं उत्तर असं की जे बुडाले त्यांची चित्रं कुठेच लावलेली नसतात. खरंच आहे, बुडालेला माणूस चित्र टांगायला परत थोडाच येतो.

लॉजिक म्हणून डायगोरस जिंकला, मान्य. पण आईच्या त्या वाक्याशी मी आजही जिंकलेलो नाही, कारण ती वाद घालतच नव्हती, ती माझी काळजी करत होती. लोक म्हणतात आपण देवाच्या भीतीनं प्रश्न विचारत नाही. मला नाही पटत. आपण घरच्यांना दुखवायला भितो. श्रद्धा आपल्याकडे कुठल्या पुस्तकातून येत नाही हो, ती माणसाच्या हातून येते, त्यामुळे आपण "हे कशावरून?" एवढंच विचारतो आणि समोरच्याला ऐकू येतं, "तू मला खोटं शिकवलंस." मग आवाज चढतात, दारं आपटतात, आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला.

अल्‌ गझाली घ्या. बगदादमधला नावाजलेला धर्मपंडित. त्याच्या लहानपणीच लक्षात आलं होतं की ख्रिश्चनांची मुलं ख्रिश्चन होतात, ज्यूंची ज्यू आणि मुसलमानांची मुसलमान, मग यात माझं स्वतःचं काय? पुढे हा डाऊट इतका खोल गेला की त्याला शिकवताना शब्द फुटेना, आणि 1095 मध्ये तो प्रतिष्ठेची नोकरी सोडून निघून गेला. आणि गंमत अशी की तो श्रद्धेकडेच परत आला, सूफी मार्गानं. स्पिनोझा या तत्त्वज्ञाचं उलट झालं, 1656 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू समाजानं त्याला बाहेर काढलं, वय तेवीस, आणि तो परत गेलाच नाही. दोघांनी विचारलं, दोघं दोन ठिकाणी पोचले. प्रश्न विचारला की माणूस नास्तिकच होतो हे टेन्शन म्हणूनच मला फुकटचं वाटतं.

बुद्धानं कालाम लोकांना सांगितलं होतं की परंपरेनं आलंय म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून नको, नुसत्या तर्कात बसतंय म्हणून नको, आणि हा आपला गुरू आहे म्हणूनही नको. हे शेवटचं मला फार आवडतं, कारण त्यात तो स्वतःही आलाच की!

आणि हो, पुढच्या रांगेतले काही मित्र खुशीत माना डोलावतायत म्हणून सांगतो, वडील मानत नव्हते म्हणून मी मानत नाही, हेही कपाटातलंच आहे बरं का. घडी तेवढी वेगळी.

परवा माझ्या मुलीनं विचारलं, "आजी म्हणते देव आहे, तू म्हणतोस माहीत नाही. खरं कोण बोलतंय?" मी म्हणलं, दोघंही. ती म्हणाली, "असं कसं, एकानं तरी चेक करायला पाहिजे ना?" आणि मग, "मी आजीलाच विचारते." गेली पण. बराच वेळ आतून दोघींचा आवाज येत होता, आजीचा कमी, हिचाच जास्त.